वसईची पद्मिनी

पितळेचें पातेलें मोडींत न घालतां त्यास कल्हई करून वापरणें, आजोबांची धाबळी रफू करून सोंवळ्यास घेणें, पणजीचें जातें परसांत जपून ठेवणें, या गोष्टींचें आपल्या घरांतून कोणास नवल वाटत नाहीं. परंतु साठी उलटलेल्या निवृत्त शाळामास्तरानें जुनी मोटार विकत घ्यावयाची असें म्हणतांच घरांत हंशा पिकतो. आमचें तसेंच झालें. “नव्या गाड्या हप्त्यानें मिळत असतांना हें लोखंड कशाला, काका?” असें धाकट्या सूनबाईंनीं विचारलें. “पेन्शन जमा झालं कीं यांना कांहीं तरी सुचतं,” एवढेंच म्हणून आमच्या कुटुंबानें भाजी चिरावयास घेतली. वहिनी मात्र कांहीं बोलल्या नाहींत.

या वेडाचें मूळ सांगितलें पाहिजे. गेल्या वर्षीं आमचे वडील बंधु निवर्तले. त्यांची लोखंडी ट्रंक उघडली तेव्हां एका लिफाफ्यांत दोन कागद निघाले. एक १९७४ सालची, फियाट मोटारीसाठीं अनामत भरल्याची पावती. दुसरी १९८० च्या जून महिन्यांतील एका पत्राची दादांच्या हातची नक्कल. आपला क्रमांक आला असला तरी कांहीं घरगुती कारणामुळें गाडी घेतां येत नाहीं, सबब अनामत परत व्हावी, अशा आशयाचें तें पत्र होतें. त्याच जून महिन्यांत आम्ही मॅट्रिक होऊन संस्कृत शिकण्यासाठीं पुण्यास गेलों होतों. राहण्याजेवण्याचा व शिक्षणाचा खर्च दादा दरमहा न चुकतां पाठवीत. तो कोठून येतो हें आम्हीं त्या वेळीं विचारलें नाहीं, आणि दादांनींहि पुढें चाळीस वर्षांत सांगितलें नाहीं. तें ‘घरगुती कारण’ म्हणजे आम्हीच, हें आम्हांस त्या ट्रंकेपाशीं बसून कळलें.

ज्यांनीं तो काळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि १९४७ सालीं तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली मोटार बाहेर पडली. पुढें इटलीच्या फियाट कंपनीची ११०० जातीची गाडी तेथें होऊं लागली. १९६४ पासून तिची ‘डिलाइट’ ही आवृत्ति आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें विकली जाऊं लागली. मोटार कारखान्यांवर त्या वेळीं परवान्यांचे निर्बंध असत. गिऱ्हाइकें फार, गाड्या थोड्या. त्यामुळें पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पहावी लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या गाडीचें उत्पादन थांबलें. मुंबईंत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती पुढेंहि दिसत राहिली. परंतु टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची शेवटची टॅक्सीहि रस्त्यावरून गेली. आतां ज्या पद्मिनी उरल्या त्या हौशी लोकांच्या घरीं किंवा झाडाखालीं गंजत.

दादांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, कारखान्यांत इंजिनिअर आहे. त्याचा अशा गाड्यांचा व्यासंग आहे. त्यानें चौकशी करून दोन ठिकाणें काढलीं, एक विरारास व दुसरें वसई गांवांत. मार्गशीर्षांतील एका रविवारीं आम्ही दोघे डोंबिवलीहून निघालों आणि दिव्यास वसईची गाडी धरली. भिवंडी, खारबांव, कामण अशीं स्टेशनें घेत ही गाडी शेतांतून व टेकड्यांच्या कडेनें जाते. जूचंद्र जवळ येऊं लागलें तसा वारा बदलला, दमट व खारट झाला. दूरवर मिठागरांचे चौकोन उन्हांत चमकत होते. आम्ही त्या देखाव्याकडे कौतुकानें पहात असतां पुतण्या म्हणाला, “काका, मीठ बघून घ्या. आपला आजचा शत्रु तोच.”

त्याचें म्हणणें असें, कीं इंजिन बिघडलें तर दुरुस्त होतें, कापड फाटलें तर बदलतां येतें. परंतु या गाडीस जुन्या मोटारींप्रमाणें खालीं निराळा सांगाडा नाहीं, पत्र्याचें शरीर हाच तिचा सांगाडा. दारांखालचा पट्टा किंवा पायाखालचा पत्रा गंजानें खाल्ला, तर गाडीचा कणाच खचला. समुद्रकांठच्या गांवीं जुनी गाडी घेणाऱ्यानें रंग पाहूं नये, खालीं वांकून पत्रा पहावा. एवढें सांगून त्यानें खिशांतून फडक्यांत गुंडाळलेलें लोहचुंबक काढून दाखविलें.

वसई रोडला गाडी बदलून विरारास उतरलों. वाटेंत नालासोपारें लागलें. हेंच प्राचीन शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं येथील स्तूप उकरून काढला, हें आम्ही शाळेंत शिकवीत असूं. परंतु आज त्या बंदराच्या जागीं इमारतींची दाटी पाहून पुतण्यास तें पटवून देणें कठीण गेलें. विरारास जीवदानीच्या डोंगराकडे पहात आम्ही एका व्यापाऱ्याच्या आवारांत शिरलों. पद्मिनी दाराशींच उभी होती. रंग दुधासारखा शुभ्र, चाकांच्या तबकड्या आरशासारख्या, आंत नवें लाल कापड. आम्हांस तर ती पहातांक्षणींच आवडली. दादांस पांढराच रंग हवा होता असें वहिनींनीं एकदां सांगितलें होतें. किंमत आमच्या सहा महिन्यांच्या पेन्शनाएवढी. तीहि आम्हीं मनांतल्या मनांत कबूल करून टाकली.

पुतण्यानें प्रथम बॉनेटवर हात ठेवला. तें कोमट होतें. म्हणजे आम्ही येण्यापूर्वींच इंजिन चालवून तापविलेलें होतें. थंड इंजिन कसें सुरू होतें हें गिऱ्हाइकास दिसूं नये, याचा हा उपाय. मग त्यानें फडक्यांतील लोहचुंबक दारांखालून फिरविलें. जेथें पत्रा होता तेथें तें चिकटे. मध्येंच वीतभर अंतरावर सुटून खालीं पडे. चाकांवरच्या कमानींपाशीं तर धरावयासच तयार नाहीं. गंजलेल्या भोंकांत लांबी भरून वरून रंग दिला होता. डिकींतील रबरी अंथरूण उचललें, तों भोंकांतून खालची जमीन दिसली. व्यापारी म्हणाला, “साहेब, चाळीस वर्षांची गाडी आहे, एवढं चालायचंच.” तो खोटें बोलत नव्हता, फक्त आम्ही वांकून पाहीपर्यंत खरें बोलला नव्हता. आम्ही नमस्कार करून निघालों. वाटेंत आम्ही गप्प होतों. लांबी भरलेल्या पत्र्यावर आमची मति दादांच्या नांवानें इतकी सहज भुलली, याची लाज वाटत होती.

वसईच्या मालकानें दुपारनंतर बोलाविलें होतें. मध्यें वेळ होता म्हणून किल्ला पाहिला. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांस वसई मिळाली आणि पुढें दोनशें वर्षें त्यांनीं येथें तटबंदी, वाडे व देवळें उभारलीं. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं किल्ला जिंकला. आज आंत हिंडतांना उंच कमानी दिसतात, त्यांवर छप्पर नाहीं. भिंतींतून पिंपळ व वड निघाले आहेत. आम्ही एका पडक्या देवळांत सावलीस बसलों असतां नाशिकची आठवण झाली. वसईच्या विजयानंतर येथील कांहीं घंटा मराठ्यांनीं नेल्या. त्यांपैकीं एक पंचवटींत, १७४७ सालीं बांधलेल्या नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. तीवर १७२१ हें साल आहे. मोठ्या आवाजाच्या माणसास आपण नारोशंकराची घंटा म्हणतों, ती हीच. घंटा ज्या घरची तें घर ओस पडलें आणि ढासळलें. घंटा दुसऱ्या दाराशीं गेली, तिला धनी मिळाला, ती तीन शतकें टिकली.

आपण जीर्णशीर्ण हा जोडशब्द सरसकट वापरतों. संस्कृतांत ते दोन निराळे आहेत. जीर्ण हें ‘जॄ’ धातूपासून. जरा शब्द त्याच धातूचा, आणि मराठींतील जिरणेंहि त्याच कुळांतलें. जीर्ण म्हणजे वयानें पिकलेलें. शीर्ण हें ‘शॄ’ धातूपासून. तें तुटून विखुरलेलें. जीर्णाचा उद्धार होतो म्हणून जीर्णोद्धार हा शब्द आहे. शीर्णोद्धार असा शब्द आम्हीं तरी ऐकला नाहीं. विरारची गाडी शीर्ण होती, नव्या रंगाखालीं. पुतण्यास हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, “काका, तुमचा शॄ धातु माझं लोहचुंबक ओळखतं.”

तिसऱ्या प्रहरीं आम्ही मालकाच्या वाडींत पोंचलों. वसईची वाडी ज्यानें पाहिली नाहीं त्यास ती शब्दांनीं दाखविणें कठीण. मध्यें बावखल, म्हणजे पावसाचें गोडें पाणी धरून ठेवणारें तळें. भोंवतीं केळी, पानवेली, सोनचाफा. आंत कौलारू घर. नाताळ जवळ आला होता, ओटीवर कागदाचा तारा टांगलेला होता. मालक ऐंशीच्या घरांतले ख्रिस्ती गृहस्थ, जन्मभर शेतकरी. त्यांनीं आम्हांस चहाबरोबर पानांत बांधलेलीं सुकेळीं दिलीं. बोलतां बोलतां ते म्हणाले, “दर रविवारी गाडी देवळात नेत होतो.” चर्चला ते देऊळच म्हणतात. जन्मभर शब्द शिकविणाऱ्या आम्हांस तें फार गोड लागलें.

गाडी पत्र्याच्या शेडमध्यें होती. शेडला तीन बाजूंनीं वारा, खालीं फरशी, वर आच्छादन. रंग फिका निळा, उन्हानें उडालेला. टपावर एक ओरखडा. पुढच्या आसनास घरींच शिवलेली खोळ. पुतण्यानें बॉनेटवर हात ठेवला, तें थंडगार. चोक ओढून किल्ली फिरविली. दुसऱ्या फेऱ्यास इंजिन लागलें. तो मागें जाऊन धूर पहात राहिला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतें, सतत पांढरा म्हणजे पाणी आंत शिरतें. येथें दोन्ही नव्हते. मग तो जमिनीवर उताणा निजून खालीं शिरला. लोहचुंबक बहुतेक सर्व ठिकाणीं चिकटलें. डावीकडच्या मागल्या दाराखालीं मात्र सुटलें. आमच्या छातींत धस्स झालें.

बाबा म्हणाले, “तें लिहिलंय वहींत.” आणि घरांतून एक जाड वही आणली. १९८६ सालीं गाडी घेतली त्या दिवसापासूनची ती वही. पेट्रोल किती, ऑइल कधीं बदललें, ब्रेकचे पट्टे कधीं, किलोमीटरचा आंकडा किती, सर्व एकाच वळणदार अक्षरांत. एका पानावर लिहिलें होतें, कीं पावसांत मोरीच्या कठड्यास गाडी घांसली, चूक आपली, मागल्या दाराखालीं लांबी भरली. दुसऱ्या पानावर, पायाखालचा पत्रा कापून नवा जोडला. नोंदणीचीं पहिलीं पंधरा वर्षें संपल्यावर दर पांच वर्षांनीं आर. टी. ओ. मध्यें तपासणी करून नूतनीकरण केल्याच्या तारखा होत्या. अलीकडच्या पानावर पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या बदलल्याची नोंद होती. आतां पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, तें जुन्या रबरास सोसत नाहीं. चेसिस व इंजिनाचे नंबर पुतण्यानें पुस्तकाशीं ताडून पाहिले, जुळले. आम्हीं जन्मभर वह्या तपासल्या. आपली चूक आपल्याच अक्षरांत लिहून ठेवणारा विद्यार्थी क्वचित् भेटला. आम्हीं किंमत विचारली. ती विरारपेक्षां कमी होती.

परंतु बाबांनीं आम्हांस उलट प्रश्न केला. “मास्तर, गाडीचं काय करणार?”

आम्हीं दादांची हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकली आणि म्हणाले, “भावाची आठवण म्हणून घेता, चांगलं आहे. पण आठवण म्हणून घेतलेली वस्तु माणूस झांकून ठेवतो. ही आठवड्याला एकदां तरी दहा कोस चालली पाहिजे. उभी राहिली की मेली. दोघं आले होते, एकाला लग्नाच्या वरातीला पाहिजे होती, एकाला हॉटेलाच्या दारात ठेवायला. मी दिली नाही. माझे डोळे गेले नसते तर तुम्हालाही दिली नसती. रात्री कुठं उभी करणार, तें सांगा.”

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमच्या घरासमोर रस्ता आहे आणि रस्त्यावर एक कडुनिंब; तेवढाच आमचा विचार झाला होता. खोटें सांगणें शक्य होतें, परंतु मांडीवर ती वही उघडी होती. “जागा झाली तर येतों,” असें म्हणून आम्ही उठलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत सर्व हकीकत सांगितली. या वेळीं कोणी हंसलें नाहीं. वहिनी प्रथमच बोलल्या. “भावोजी, ह्यांनीं गाडी सोडली ती तुम्ही पुढें त्यांना गाडी घेऊन द्यावी म्हणून नव्हे. तुम्ही शिकलांत, शेंकडों मुलांना शिकवलंत, तें तेव्हांच फिटलं. त्यांच्या नांवानं देव्हारा मांडणार असाल तर मला नको. घरांतल्या सर्वांच्या उपयोगाला येणार असेल, तर आपली मागची पडवी काय कामाची आहे?”

मागच्या पडवींत तीस वर्षांची अडगळ होती. मोडक्या खुर्च्या, फुटके हंडे, जुनीं वर्तमानपत्रें, आमच्या स्वतःच्या टिपणांचे गठ्ठे. ‘पुढें लागेल’ म्हणून जपलेलें, आणि एकदांहि न लागलेलें. पडवी रिकामी करावयास दोन रविवार लागले. आमच्या टिपणांपैकीं निम्मीं वाळवीनें खाल्लीं होतीं. शीर्ण कशास म्हणावें हें पहावयास आम्हांस विरारास जाण्याची गरज नव्हती. पोरांनीं ओझीं वाहिलीं, सूनबाईंनीं झाडलें, कुटुंबानें फरशी धुतली. दर रविवारीं व सोमवारीं गाडी कोण चालवील याचें वेळापत्रक पुतण्यानें भिंतीस लावलें.

मग व्यवहार पुरा झाला. ज्या वाचकांस अशी हौस असेल त्यांच्यासाठीं सांगतों, कीं मालकी बदलण्यासाठीं २९ व ३० क्रमांकाचे अर्ज भरावे लागतात. विकणाऱ्यानें चौदा व घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत आर. टी. ओ. स कळवावयाचें असतें, आणि विमाहि आपल्या नांवें करून घ्यावा लागतो. नोंदणीची मुदत किती उरली हें आधीं पहावें, कारण जुन्या गाडीच्या नूतनीकरणाचा व पर्यावरण कराचा खर्च किंमतींत धरावयाचा असतो. पन्नास वर्षें पुरीं झालेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांस २०२१ च्या नियमांप्रमाणें निराळी ‘विंटेज’ नोंदणी मिळते. मात्र मग ती रोजच्या कामास वापरतां येत नाहीं. आमच्या गाडीस तो मान २०३६ सालीं मिळूं शकेल. तो घ्यावयाचा कीं नाहीं हें त्या वेळचे लोक ठरवितील.

गाडी आणावयास गेलों तेव्हां वहिनी बरोबर होत्या. बाबांनीं गाडी स्वतः धुवून ठेविली होती. वहींत त्यांनीं शेवटची ओळ लिहिली, ‘गाडी मास्तरांस दिली,’ आणि पुढें किलोमीटरचा आंकडा. मग वही आमच्या हातीं देऊन ते वाडींत केळींकडे गेले. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत परत आले नाहींत. आम्हीं त्यांस हांक मारली नाहीं.

चिंचोटीवरून कामणच्या रस्त्यानें परतलों. पुतण्या स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर संभाळून टाकीत होता, शेजारीं वहिनी, मागें आम्ही. भिवंडीपर्यंत वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पुढें एकदांच म्हणाल्या, “काच थोडी खालीं कर रे, वारा येऊं दे.”

पहिल्या सोमवारीं गाडी अंबरनाथच्या शिवालयास जाऊन आली. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधलें तें देऊळ. अजून तेथें रोज पूजा होते. त्या दिवसाची नोंद करावयास आम्हीं वही उघडली, तों ती आधींच झालेली होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, सर्व रीतसर, अक्षर वहिनींचें.